दहा मिनिटं, मध्ये उघडायचं नाही

दसरा होऊन चार दिवस झालेत. वाशिमच्या जिल्हा रुग्णालयातल्या ड्रेसिंगच्या खोलीत संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. रिसोडकडून आलेल्या एक मावशी टेबलावर डावा पाय लांब करून बसल्या आहेत. सोयाबीनच्या सोंगणीचा गुत्ता घेतलेला, अंधार पडायच्या आत तुकडा संपवायची घाई, आणि बुडख्यावर बसायचा विळा नडगीवर बसला.

"हयद दाबली न् फडकं बांधलं," त्या सांगतात. "तरी रगत थांबेना व माय."

तू फडकं सोडतेस. वीस सीसीच्या सिरिंजमध्ये सलाइन भरून जखमेत धार सोडतेस, पुन्हा भरतेस, पुन्हा सोडतेस. किडनी ट्रेमध्ये आधी पिवळं पाणी उतरतं, मग मातकट, मग गुलाबी. हळदीचा ओला गोळा सुटतो, त्याच्याबरोबर गोठलेलं रक्तही निघतं, आणि जखम पुन्हा वाहायला लागते. घाबरू नकोस. शेतातली माती आत ठेवून रक्त थांबण्यापेक्षा माती निघून थोडं रक्त गेलेलं परवडतं. शेल्फवर हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आहे, तिला हात लावू नकोस. तिचा फेस बघून साफ झाल्याचं समाधान मिळतं, पण तो फेस जखमेच्या काठावरच्या जिवंत पेशींनाही भाजून काढतो.

मावशींना हळदीवरून बोलूही नकोस. १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांचे पुरावे लावून भांडण केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. मावशींच्या आजीला जे माहीत होतं ते कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही, एवढं त्यातून ठरलं. अडचण एकच आहे: डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या रंगाखाली जखमेचा काठ दिसत नाही. तेवढं नंतर समजावून सांग.

सिस्टर तुझ्या हातात गॉझची जाड घडी देतात. "दाब. दहा मिनिटं. घड्याळ बघ. मध्ये उघडून बघायचं नाही."

घडी ठेवण्याआधी एक क्षण जखमेच्या काठाकडे बघ. पुस्तकातली आकृती इथे कापून ठेवली आहे. सगळ्यात वर एपिडर्मिस, नडगीवर जेमतेम वहीच्या कागदाएवढी. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून धसकटानं नुसतं ओरखडलं तर पांढरी रेघ उठते आणि रक्त येत नाही. तिच्या तळाला पेशींची एकच ओळ आहे, ती जन्मभर नव्या पेशी घडवते. त्या पेशी वर सरकतात, सरकताना केराटिननं भरतात, मरतात, आणि साधारण महिन्याभरानं अंघोळीच्या पाण्याबरोबर निघून जातात. त्याच तळओळीत मेलॅनोसाइट बसलेल्या असतात. मावशींचा रंग तिथे तयार होतो. त्यांचा उजवा तळहात चाचपून बघ. विळ्याच्या मुठीनं पडलेले घट्टे हीसुद्धा एपिडर्मिसच. घासलं की ती जाड होते, आणि तळहात-तळपायाला तिचा एक थर जास्तीचा असतो.

कागदाखाली पांढुरकी, चिवट डर्मिस. ढोर-चांभार ज्याला कमावून चामडं करतात, ते हेच. कोलॅजनचे धागे इथे बुरुडाच्या टोपलीसारखे उलटसुलट विणलेले आहेत. त्या विणीतून रक्तवाहिन्या जातात, नसा जातात, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं तिच्यातच रुतलेली असतात. ही वीण सगळीकडून ताणलेली असते, म्हणूनच चिरलेली जखम ओठ उघडावेत तशी उघडते. तिच्याखाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पिवळे कण म्हणजे चरबी. नडगीवर हा थर पातळ, त्याच्या मागे लगेच हाड. म्हणून इथली जखम दंडावरच्या जखमेपेक्षा जास्त काळजीनं बघायची.

आता दाब.

गॉझखालचं रक्त तुझ्या हातमोज्यातून गरम लागतं. कापलेल्या वाहिन्या आपणहून आकसल्या आहेत. प्लेटलेट उघड्या पडलेल्या कोलॅजनला चिकटत आहेत, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी. त्यांच्यावर फायब्रिनचं जाळं पडतंय. तुझ्या बोटांचं काम फक्त रक्ताची धार अडवून त्या जाळ्याला उसंत देण्याचं आहे. तू मध्येच घडी उचललीस तर जाळं घडीला चिकटून वर येईल आणि सगळं पहिल्यापासून. हात असाच ठेव. हात इथेच राहील, भोवतालचं बदलेल.

घडी मऊ पडते. गॉझच्या जागी हातमागाचं धुतलेलं सुती कापड आहे. ट्यूबलाइट नाही, दारातून येणारं सकाळचं ऊन आहे. गाव तेच, नाव वत्सगुल्म. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक राजा हरिषेणाचं राज्य. त्याचा मंत्री वराहदेव अजिंठ्याला आज आपण ज्याला सोळावं लेणं म्हणतो ते खोदवून घेतो आहे. या घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीनं वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट १९३९ साली वाशिमलाच सापडला. त्यात दान दिलेलं गाव आहे, राजाची वंशावळ आहे. जखम बांधणाऱ्या माणसाचं नाव मात्र राजे लोक तांब्यावर कोरत नाहीत. म्हणून तुझ्यासमोरचा वैद्य मी तुझ्यासाठी उभा केला आहे. त्याचे हात मात्र सुश्रुतसंहितेतले आहेत.

कोयता लागलेल्या एका शेतकऱ्याच्या पोटरीवर तुझा हात आहे. वैद्य जखम धुतो, आतले कण, केस, रक्ताच्या गाठी काढतो. मग सुई निवडतो. मांसल जागेसाठी तिधारी, सांध्याजवळ गोल, आणि नाजूक जागी धनुष्यासारखी वाकडी. तुझ्या ट्रेमधली कटिंग नीडल ओळखलीस ना? धागा अळशीचा, तागाचा, नाहीतर स्नायूचा. टाके घालताना तो पुटपुटतो आणि तुला ऐकू येतं: टाका काठापासून फार लांब घेतला तर जखमेचे ओठ दुखतात, फार जवळ घेतला तर ते फाटतात. इतकं नेमकं वाक्य मी नव्या पुस्तकांत फार वेळा वाचलेलं नाही.

त्याला त्वचेचे सात थर माहीत आहेत. अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी, मांसधरा. त्यांची जाडी तो भाताच्या दाण्यात सांगतो: पहिली दाण्याचा अठरावा भाग, पाचवी पाचवा भाग, सहावी एक अख्खा दाणा, सातवी दोन. सूक्ष्मदर्शक नसताना कुणीतरी चामडी उलगडून, डोळे बारीक करून हे मोजलं. आपले थर त्याच्या थरांशी जुळत नाहीत, पण ज्या थराला त्यानं वेदिनी म्हटलं त्या नावाशी थोडं थांब. जाणवून घेणारी. ते नाव आपल्याला पुढे लागणार आहे.

मध-तूप लावलेली वात, वर जाड पट्टी. मग त्या माणसाला स्वच्छ खोलीत निजवतात. मोहरी, कडुनिंबाचा पाला, तूप, मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस, आळस न करता. नखं आणि केस बारीक ठेवायचे. जवळ बसून गोष्टी सांगणारी प्रेमाची माणसं हवीत. यातली धुरी सोडली तर बाकीचं बरंचसं तू आजही करतेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाची बायको पट्टीची गाठ सोडायला वाकते. पायाला ठणका आहे, पट्टीच्या कडेला लाली आहे, ऊब आहे, सूज आहे. तिला वाटतं आत काहीतरी बिघडलं. वैद्य तिचा हात धरतो. तिसऱ्या दिवशी, त्याआधी नाही. दुसऱ्याच दिवशी घाईनं सोडलं तर जखमेत गाठी होतात, ती भरायला वेळ लागतो, दुखणं वाढतं. संहितेत हे स्पष्ट सांगितलं आहे.

पट्टीखाली काय चाललंय ते वैद्याला दिसत नाही, तुला दिसतं. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडल्या, जंतू गिळले, आणि मेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॅक्रोफेज आल्या. त्या मेलेल्या न्यूट्रोफिल उचलतात, तुटलेले धागे खातात, आणि पुढच्या पेशींना रासायनिक सांगावा धाडतात. लाली, सूज, ऊब, ठणका ही चार लक्षणं रोमच्या सेल्ससनं पहिल्या शतकात लिहून ठेवली. त्यांना बिघाड समजून जी घाबरली ती बायको चुकली असं मी म्हणणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी हीच चार वाढत गेली, लाली वर चढत गेली, पू आला, ताप आला, तर तिचं घाबरणं बरोबर ठरेल. पहिल्या तीन दिवसांत ती असायलाच हवीत. दरम्यान टाक्यांनी जुळवलेल्या काठांवरून एपिडर्मिसच्या पेशी एकमेकींच्या दिशेनं सरपटत येतात. दोन दिवसांच्या आत त्या भेटतात. भेटल्या की थांबतात.

कापड पुन्हा बदलतं. आता ते फाटक्या लुगड्याचं आहे, धुळीनं खरखरीत. आपण जखमेच्या दिवसांप्रमाणे चाललो आहोत, सनावळीप्रमाणे नाही. हा सहावा दिवस आहे आणि साल १९००. इंग्रजांच्या कागदांत गावाचं नाव बाशीम. आदल्या वर्षी पाऊस पळाला, वऱ्हाडात दुष्काळी कामं निघाली आहेत. तू खडी फोडण्याच्या कामावर आहेस. तुझ्या हाताखाली एका बाईचा अंगठा आहे, त्यावर हातोडा निसटला होता.

इथे मध्ये उघडण्याचा प्रश्न नाही, झाकायला चिंधीशिवाय काही नाही. सहाव्या दिवशी जखमेच्या तळाला डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलसर, कणीदार मांस दिसायला हवं. त्यालाच तू ग्रॅन्युलेशन म्हणतेस. त्यातला लालपणा नव्या केशवाहिन्यांचा. त्यांच्यामधून फायब्रोब्लास्ट फिरतात आणि कोलॅजन कातत जातात. या बाईच्या अंगठ्यात मात्र तळ फिक्कट आहे, पाणचट. मांस धरत नाही, असं शेजारची म्हातारी म्हणते, आणि तिचं निदान अचूक आहे. कोलॅजन म्हणजे प्रथिन. पोटात डाळ नाही, दूध नाही, तर फायब्रोब्लास्टनं कातायचं काय? आणि कातलेल्या धाग्याला पीळ बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर धागा तयार होऊनही कुचकामी राहतो. त्या उन्हाळ्यात पालेभाजी कुठून येणार?

क जीवनसत्त्व हे नावच तेव्हा जन्मलेलं नव्हतं. जखम भरायला ते लागतंच, याचा पुरावा पुढे एका तरुण अमेरिकन सर्जननं स्वतःच्या पाठीवर दिला. जॉन क्रॅंडननं १९३९ मध्ये फळं-भाज्या पूर्ण सोडल्या. तीन महिन्यांनी पाठीवर छेद घेतला, तो नेहमीसारखा भरला. सहा महिन्यांनी पुन्हा छेद घेतला. दहा दिवसांनी वरून कातडी जुळलेली दिसत होती. उघडून बघितलं तर आत काहीही धरलेलं नव्हतं. क जीवनसत्त्व दिल्यावर ती जखम भरली. वॉर्डात जेवणाचं ताट परत जाताना दिसलं की मला हा छेद आठवतो. ताटातलं वरण हे औषधाच्या ट्रेमधल्या गोळीइतकंच औषध असतं. रुग्ण किती जेवला हे लिहिणं हे शुश्रूषेतलं दुय्यम काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या बाईचा अंगठा आठवावा. घरी पाठवताना आवळा, लिंबू, पेरू, शेवग्याचा पाला, डाळ, अंडं सांगायला विसरू नकोस. वाशिमच्या बाजारात यातलं काहीच महाग नाही.

अंगठ्याची ऊब ओसरते. हाताखाली आता कपाळ आहे, आणि हवेत भट्टीचा धूर.

१७९३ चा मार्च. पुण्याजवळ एका विटा भाजणाऱ्या कुंभाराचं घर. समोर उताणा झोपलेला माणूस म्हणजे कावसजी. जातीनं शेतकरी मराठा असल्याची नोंद आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. आज मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर भिंतीला टेकून उभे आहेत, त्यांच्यात टॉमस क्रूझो. ते बघायला आले आहेत, कारण त्यांना हे येत नाही.

कुंभार मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या थोट्यावर बसवतो, नाकाचा आकार देतो, मग तो सपाट करून कपाळावर ठेवतो आणि भोवती रेघ ओढतो. रेघेवरून कातडी सोलत येतो. कपाळाची कातडी खाली लोंबते, पण दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी तो कापत नाही. त्या पट्टीकडे बघ. नाकाच्या कडेनं आणि वरच्या ओठाच्या वर तो एक चर पाडतो, कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणतो आणि तिचे काठ चरात रोवतो. टाके नाहीत. काताची मऊ लगदी कापडाच्या पट्ट्यांवर पसरून पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवतो. विड्यात घालतात तोच कात.

मग चार दिवस हात लावायचा नाही. पाच-सहा दिवस कावसजीनं उताणंच झोपायचं.

चौथ्या दिवशी पट्ट्या निघतात आणि तुपात भिजवलेली कापडं येतात. हे बघून माझा जीव आनंदतो. कोरडं कापड जखमेला चिकटतं आणि बदलताना कोवळं मांस ओरबाडून निघतं. तुपानं ते चिकटत नाही आणि जखम ओली राहते. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं १९६२ साली डुकरांच्या पाठीवरच्या जखमा झाकून ओल्या ठेवल्या आणि उघड्या वाळवल्या, आणि ओल्या ठेवलेल्यांवर एपिडर्मिस जवळजवळ दुप्पट वेगानं पसरली. कारण सोपं आहे. खपली धरली की पेशींना तिच्याखालून वाट खोदत जावं लागतं, ओल असली की त्या वरून सरपटतात. जखमेला हवा लागू दे, वाळू दे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि मलाही ते सोडायला वेळ लागला. पुढे १९९१ मध्ये सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मधाचे परिणाम ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत मांडले, तेव्हा वत्सगुल्मातल्या त्या वातीचा मध पुन्हा ट्रेमध्ये आला. मात्र तो निर्जंतुक केलेला, औषधी मध असतो. किराणा दुकानातल्या बाटलीतला नाही.

दहाव्या दिवशी कुंभार नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालतो, वाट बुजू नये म्हणून. आणि ती पट्टी? डोळ्यांच्या मधली? ती अजून तशीच आहे. चेहऱ्यावर ती विचित्र दिसते, पिळलेली, फुगलेली. कावसजीला ती कापून हवी असणार. कुंभार थांबतो. पंधरावा दिवस, विसावा दिवस.

तू कातडीच्या खाली जा. कपाळाची ही कातडी इतके दिवस त्या अरुंद पट्टीतून येणाऱ्या कपाळाच्या रक्तावर जगते आहे. तिच्या नव्या काठांतून गालाच्या केशवाहिन्या कोंब फुटल्यासारख्या आत शिरत आहेत. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी त्यांना बोलावत आहेत. कोंबाला कोंब भेटला की रक्त आरपार वाहायला लागतं. हे पुरेसं झालं नसताना पट्टी कापली तर नाक काळं पडून गळेल. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कुंभार पट्टी कापतो आणि नाक गुलाबी राहतं. आज कपाळावरून नाक करणारे प्लास्टिक सर्जन तीन आठवड्यांच्या आसपास तो दुवा तोडतात. मधल्या दोनशे वर्षांत या मुदतीत फारसा फरक पडलेला नाही. ती मुदत केशवाहिन्यांची आहे, सर्जनच्या अक्कलहुशारीची नाही. कुंभाराला केशवाहिनी माहीत नव्हती. थांबायचं किती, हे त्याला त्याच्या आधीच्या हातांनी शिकवलं होतं. आणि तुला एक गोष्ट इथेच सांगून ठेवते: तंबाखूतलं निकोटिन नेमक्या याच बारीक वाहिन्या आवळतं. जखम भरत असताना तोंडात खर्रा असू नये तो एवढ्यासाठी.

दहा महिन्यांनी, १७९४ च्या जानेवारीत, कावसजीचं चित्र काढलं गेलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ते हकीकतीसह छापून आलं. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली. बैल हाकणाऱ्याचं नाव, डॉक्टरांची नावं, सगळी छापली गेली. कुंभाराचं नाव त्यात नाही. मला ते फार लागतं.

आठवं मिनिट. हाताखालचं कपाळ तळपाय होतं, आणि तू पुन्हा वऱ्हाडात येतेस.

वाशिमच्या पद्मतीर्थाची गोष्ट तू ऐकली असशील. वासुकी राजा कुष्ठानं झिजला होता, त्या पाण्यात अंघोळ केली आणि अंग शुद्ध झालं. लोकांनी शतकानुशतकं त्या काठावर कोणत्या आशेनं पाय बुडवले असतील, त्याचा विचार कर. १८७३ मध्ये हॅन्सननं कुष्ठरोगाचा जंतू शोधला, पण गुण येणारं बहुविध औषधांचं ताट जगाला मिळायला १९८२ उजाडलं. मधल्या काळात, म्हणजे १९४० च्या दशकात, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. तू त्या काळातल्या अशाच एका वसतीत जमिनीवर बसली आहेस. समोरच्या माणसाच्या टाचेखाली रुपयाएवढी खोल जखम आहे आणि तो त्या पायावर मैलभर चालत आला आहे. हसतो आहे. त्याला दुखत नाही.

वेदिनी. जाणवून घेणारी. जंतूनं त्याच्या नसा खाल्ल्या, आणि ती गेली. ओरडून सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून चपलेतला खिळा दिवसभर टोचत राहिला. मांस रोगानं आपोआप सडतं असा समज जगभर होता. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की या जखमा बधिरपणाच्या आणि दाबाच्या आहेत. दाब काढला की याच पायाची जखम इतर कुणाच्याही पायासारखी भरते.

इथे सिस्टरांचा नियम उलटतो. या पायाला रोज उघडून बघायचं. पाय पाण्यात भिजवायचा, घट्टा घासून पातळ करायचा, तेल लावायचं, बोटांच्या बेचक्यात डोकवायचं, चप्पल उलटी करून आत हात फिरवायचा. त्याला जे जाणवत नाही ते तुझ्या बोटांना जाणवायला हवं. आज तुझ्या ओपीडीत हाच पाय मधुमेहाच्या रांगेत येतो. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट टाचेला लावून तू विचारतेस, लागतंय का? डोळे मिटून ते म्हणतात, काय लागतंय? तेव्हा त्या घरातल्या सुनेला किंवा नातवाला शेजारी बसव आणि रोज रात्री पाय कसा बघायचा ते हातानं करून दाखव. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे टाचेजवळचं पाच मिनिटांचं काम.

घड्याळाचा काटा. दहा.

"झालं का व माय?" मावशी विचारतात.

तू घडीची एक कड उचलतेस. ओघळ नाही. काठाला गडद, चकाकणारी रेघ धरली आहे. डॉक्टर लिग्नोकेन भरतात, तिधारी वाकडी सुई धारकात बसवतात. पहिला टाका काठापासून फार लांब नाही, फार जवळ नाही. तू कात्री धरून उभी आहेस आणि तुझे ओठ वैद्याचं ते वाक्य पुटपुटतात. धनुर्वाताचं टीडीचं इंजेक्शन तू आधीच काढून ठेवलंस. शेतातल्या मातीत त्या जंतूचे बीजाणू वर्षानुवर्षं निजून असतात, आणि मावशींना शेवटची सुई कधी घेतली ते आठवत नाही. आणखी काही लागेल का ते डॉक्टर ठरवतील.

"मंग सोंगणीले कधी जाऊ?"

आता तुला उत्तर माहीत आहे. दोन दिवसांत वरून शिवण बुजेल. आठवड्यानं मूळ कातडीच्या ताकदीच्या फार तर १० टक्के ताकद येईल. पायाचे टाके बारा ते चौदा दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर निघतील, तरी आतली वीण कच्चीच असेल. घाईत टाकलेले पहिले धागे शरीर पुढे महिनोन् महिने उसवून पुन्हा जाड धाग्यांनी बांधत राहील. तीन महिन्यांनी ७०-८० टक्के. शंभर कधीच नाही. नवे धागे एकाच दिशेनं, रफू केल्यासारखे पडतात, टोपलीची जुनी वीण परत येत नाही. म्हणून वण सपाट, चकचकीत दिसतो, आणि त्यावर केस उगवत नाहीत. १७४० च्या दशकातल्या एका इंग्रज जहाजावर क जीवनसत्त्व न मिळालेल्या एका म्हाताऱ्या खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली होती. तो वणसुद्धा रोज थोडा उसवत आणि थोडा विणला जात होता.

यातलं किती सांगायचं? तू खुर्ची ओढून त्यांच्या उंचीला बसतेस.

"सोंगणी यंदा राहू द्या मावशी. पाय उशीवर ठेवा. वरण खा, आवळा खा. ठणका वाढला, वास आला, थंडी भरून आली तर रात्र असली तरी निघून या. नाहीतर परवा, तिसऱ्या दिवशी सकाळी या, पट्टी आम्ही उघडू."

"तवरोक पाहाचं बी नाही?"

"तोवर पाहायचं पण नाही."